रविवारचा शर्ट

दादा,

परगावच्या त्या नोकरीचं काय ठरलं, असं तू विचारतोस आणि मी "बघू" म्हणून टाळते. काम मनासारखं आहे. सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

अडलंय ते आप्पांच्या कानांपाशी. दिवसभर मी लोकांच्या कानांना यंत्रं बसवते. आप्पांचंही मीच जुळवलंय. समोर बसलं की ते ओठ बघून बोलणं ओळखतात. फोनवर मात्र कुणीतरी बोलतंय एवढंच त्यांना कळतं; कोण ते नाही, शब्दही नाहीत. दर रविवारी तू गाडी चालवताना फोन करतोस, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून बसतात आणि अंदाजाने "हो हो, छान" म्हणतात. हसतातही, बहुतेक वेळा योग्य जागी.

काल मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. तिकडून माझं बोलणं किती पोचेल, एवढंच तपासायचं होतं. सावकाश, स्पष्ट विचारलं, "आप्पा, मी जाऊ का?"

"हो हो, छान. मुलं कशी आहेत?"

मी घरात आले. आप्पा खुशीत होते.

"अगं, आत्ताच दादाचा फोन येऊन गेला. तुझी चौकशी करत होता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, ती आहे ना इथे. मला कसली काळजी?"

हे कळलं तर तू फोन करणंच सोडशील, म्हणून पत्र माझ्यापाशीच राहील. या रविवारचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. त्यापुढच्या रविवारांचं अजून ठरवता येत नाही.

तुझी,
खडूस