टीचरची जागा

वेस्ट मांबलम, चेन्नई
३ फेब्रुवारी २०२५

चि. कीर्तीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघाही बरा आहे. तू पाठवलेलं भाजणीचं पाकीट पोचलं. इकडे सकाळी धुकं पडतं. मांबलम स्टेशनवरची घोषणा गॅलरीत ऐकू येते, गाडी मात्र दिसत नाही. पुष्कररावांना नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, सामान न्यायला माणसं ठरवली आहेत, महिनाअखेर नाशिकला यायचं. मी "बरं" म्हणालो. आईचे दिवस झाले त्या संध्याकाळी तू पहिल्यांदा हे काढलंस, तेव्हा तर मी काहीच बोललो नव्हतो. तू पुष्कररावांना म्हणालीस, "बाबा नाही म्हणाले नाहीत ना, मग ठरलं."

हल्ली दुपारी पडलो की आतल्या खोलीतून आईचा वर्गातला आवाज येतो. जाग आहे की झोप, कळत नाही. दर वर्षी लॉ कॉलेजात पहिला तास घेण्याआधी ती तो मला म्हणून दाखवायची, तोच असतो. "जगाला संसद नाही, पोलीस नाही. मग आंतरराष्ट्रीय कायदा येतो कुठून?" देशादेशांतले करार. रूढी. सगळ्यांकडे मानली जाणारी तत्त्वं. शिवाय आधाराला न्यायालयांचे निकाल आणि जाणकारांची पुस्तकं.

मी रणगाड्यांच्या कारखान्यातला माणूस. आमच्याकडे ड्रॉइंगवर सही नसेल तर बोल्टही फिरत नाही. मी म्हणायचो, "करार समजला. पण न लिहिलेली रूढी कायदा कशी?"

"अहो, तुम्ही रोज जेवताना मला आधी वाढता. ते कुठे लिहिलंय?"

"ती सवय आहे."

"सवय की नियम, ते मोडल्यावर कळतं. कुणाला नुसतं नवल वाटलं तर सवय. कुणी ओरडलं की असं करायचं नाही, तर नियम."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आधी स्वतःला वाढून घेतलं. ती जी ओरडली! मग दोघंही हसत बसलो.

ती गेल्यावर मी आमच्या रविवारच्या किनाऱ्यावर, इथल्या चेन्नईजवळच्या कोवलमला, गेलो नव्हतो. काल रविवार होता. पाय आपोआप निघाले. अड्यारला बस बदलली. खिडकीशेजारची जागा मी रिकामी ठेवली होती. तिथे एक बाई येऊन बसल्या. त्यांना काय सांगणार?

किनाऱ्यावर ती जुनी होडी अजून तशीच कलती आहे. तिच्या सावलीत आम्ही बसायचो, पाण्याकडची बाजू आईची. पलीकडे कनका मासे विकते. तुला आठवत असेल, आईचं तमिळ ऐकून पोट धरून हसायची ती. "टीचर, मासा खात नाही, मग दर रविवारी नुसता वास घ्यायला येता?" आई म्हणायची, "वास फुकट आहे ना, म्हणून."

काल समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे होते. होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या. मी माझ्या बाजूला बसलो. बराच वेळ गेला असावा. मग फोटो काढत एक तरुण जोडपं आलं, आणि त्यातला मुलगा माझ्या शेजारी, आईच्या जागी, बसायला लागला. मी नेहमीप्रमाणे गप्प.

कनका टोपलीवरून ओरडली, "अंगे उक्काराद! अदु टीचर इडम!" तिथे बसू नकोस, ती टीचरची जागा आहे.

मुलगा घाबरून उठला. "टीचर येणार आहेत का?" असं त्याने मला विचारलं. कनकाच म्हणाली, "येवोत, न येवोत. तिथे कुणी बसत नाही." म्हणजे मी घरी होतो त्या सगळ्या रविवारीही तिथे कुणी बसलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. जाळी ओढणारी माणसंही त्या वीतभर वाळूला वळसा घालून जात होती. क्षणभर मला तिथे तिच्या चपला दिसल्या.

कीर्ती, आई आणखी एक शिकवायची. रूढी तयार होत असताना एखादा देश पहिल्यापासून हरकत घेत राहिला, तर ती त्याला लागू होत नाही. बोलायला हवं तेव्हा जो गप्प बसतो, त्याचा होकार धरतात. मी घरात जन्मभर गप्प होतो आणि ते चालून गेलं, कारण माझ्या गप्प बसण्याचा अर्थ आईला लागायचा. तुला तो लागला नाही, यात तुझी चूक नाही. तो आता लिहूनच कळवायला हवा.

मला नाशिकला यायचं नाही. सामान न्यायला येणाऱ्या माणसांना नको म्हणून सांग. रागावलीस तर रागाव, पण मग एका रविवारी ये. माझ्या बाजूला दोघांपुरती सावली आहे. पाण्याकडे मात्र बसू नकोस, कनका ओरडेल.

उशिरा का होईना, हरकत नोंदवणारा,
तुझा
बाबा