अक्काच्या भुवईवरची हळद

मंगळवार, दिवेलागणीला

शुद्धलेखन चुकलं तर माफी. सातवीतनं शाळा सुटली, मोबाईलवर एकेक अक्षर हुडकाय लागतंय.

अक्काची डावी भुवई सुजली हाय. माझ्यामुळंच.

गेल्या बुधवारी जतला पार्लरमधी तिनं भुवयांचं मायक्रोब्लेडिंग केलं. बारीक पात्यानं कातडीत केसागत रेघा काढून रंग भरत्यात. अक्का फोनवर हुती, म्हणून पार्लरवाल्या ताईनं मलाच बजावलं, "धा दिस भुवईला पाणी न्हाई. हळद तर अजिबात न्हाई. घरात सांग."

पाण्याचं सांगितलं. हळदीचं सांगते, सांगते म्हणत ऱ्हायलं.

आज अक्काची हळद. नवरी म्हणून ती डोळं मिटून बसली. आत्यानं मूठ भरून घेतली. भुवया सोडा, एवढंच म्हणायचं हुतं. पण मांडवभर बाया, माझं तोंडच उघडंना. आत्या हसत आपणच म्हणाली, "भुवया काय कोऱ्या ठेवायच्या व्हय?" आन चांगली चोळली.

आता डावी भुवई हाताला गरम लागती. अक्का म्हणती उन्हानं झालं. परवा तिचं लगीन हाय. डोळाच झाकला तर? जखम चिघळली तर?

शेवटी रडत रडत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुके, मेंढरं हाकताना तर लय वरडतीस की गं." हसली, मग आरशात भुवई बघत बसली. सकाळी डॉक्टरकडं जायचं. म्हणाली, तिथं तूच बोलायचं.

आमच्या काळ्या मेंढीला आत्ताच दोन कोकरं झाली. हे मात्र मी लगीच वरडून सगळ्यास्नी सांगितलं.