धुक्याच्या वर

आई,

परवा शनिवारी मी अप्पांना गाडीत शेजारी बसवून डोंगरात नेलं. त्यात सांगण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. तू म्हणणार नाहीस.

तुला जाऊन तीस वर्षं होत आली. मी आता जर्मनीत, कार्ल्सरूहेला असते. मला आठ वर्षांची मुलगी आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते जर्मनच. अप्पा दोन महिन्यांसाठी आलेत आणि आल्यापासून हायत्सुंगला, म्हणजे भिंतीतल्या हीटरला, पाठ टेकून, कानटोपी घालून बसलेत. इथलं नोव्हेंबरातलं धुकं दिवस दिवस उठत नाही, समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. गेल्या आठवड्यात म्हणाले, "परतीचं आधीचं तिकीट मिळतं का बघ. बघायला काही नाही, बोलायला कोणी नाही." मला ते फार लागलं. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मी थर्मासमध्ये चहा भरला, लेकीला मागे बसवलं आणि गाडी काढली.

"जायचंय कुठे?"

"कुठेच नाही अप्पा. नुसतं फिरायचं."

"मग पोचणार किती वाजता?"

तुला माहीतच आहे, त्यांचा प्रवास म्हणजे पोचणं. तू अगदी उलट. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जास्वंदीवर बुलबुलाचं घरटं होतं. त्यातलं पहिलं पिल्लू उडालं त्या सकाळी तू खिडकीशीच उभी आहेस, मागे दूध उतू जातंय, आणि अप्पा दारातून ओरडतायत. तू मान न वळवता म्हणतेस, "दूध उद्याही येईल." मला वाटतं, मी तुला कधी घाईत पाहिलंच नाही.

बाडेन-बाडेनच्या पुढे रस्ता श्वार्त्सवाल्डच्या जंगलात चढू लागतो. वाटेत एका खेड्यात थांबून ब्रेत्झेल, इथला वेटोळ्याचा खारा पाव, घेतलं. अप्पांनी त्यावरचं जाड मीठ नखाने एकेक खरवडून काढलं आणि मग "बरंय" म्हणाले. पुढे धुकं इतकं दाटलं की मी जवळजवळ चालण्याच्या वेगाने गाडी हाकत होते. अप्पांनी दरवाज्यावरची मूठ घट्ट धरलेली. मला वाटलं, उगाच आणलं यांना. मग धुकं हळूहळू पिवळसर व्हायला लागलं, एक वळण आलं, आणि आम्ही त्यातून वर निघालो.

आई, मला ते नीट सांगता येणार नाही. डोक्यावर निळंभोर आकाश, आणि खाली, जिथे आमचं गाव, माझं ऑफिस, लेकीची शाळा आहे, तिथे काहीच नाही. नुसतं पांढरं, स्तब्ध, क्षितिजापर्यंत. पलीकडचे फ्रान्समधले डोंगर त्यातून बेटांसारखे वर आलेले. आणि दूर दक्षिणेला, मी आधी ढगच समजले होते, ते आल्प्स. इतकी वर्षं इथे राहून मी हे पाहिलेलं नव्हतं.

"थांबव," अप्पा म्हणाले.

गाडी थांबते न थांबते तोच ते उतरले, दार लावायचंही भान नाही. गवतावर दहिवर गोठलेलं. ते कठड्यापर्यंत गेले, वाकले, आणि बूट काढले. मोजेही काढले. लेक धावत गेली. "आजोबा, वास माख्स्ट दू दा?" हे काय करताय, असं विचारत होती. जर्मनचं एक अक्षर न कळता ते म्हणाले, "देवळात काढतो ना बाळा, तसे." तिने एकदा त्यांच्या पावलांकडे पाहिलं, एकदा खालच्या त्या पांढऱ्याकडे, आणि खाली बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. सर्दी होईल हे माझ्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. अप्पांनी हात जोडले नाहीत, काही पुटपुटले नाहीत. दोघं नुसते उभे. काठ्या घेऊन फिरायला निघालेलं एक म्हातारं जोडपं जवळून गेलं. बाईंनी ते चार उघडे पाय पाहिले आणि कोणीतरी काही बोललं असावं तसं हळूच म्हणाल्या, "या, गेनाऊ." म्हणजे, हो, अगदी बरोबर.

उतरताना पोर मागे झोपली. अप्पा समोर बघत बोलू लागले. मी लहान असताना आपण लग्नाला सावंतवाडीला गेलो होतो म्हणे, भाड्याच्या जीपमधून. मी मागे झोपलेले. आंबोलीच्या घाटात दरी अशीच भरलेली होती. "तुझी आई म्हणाली, थांबवा ना, पाचच मिनिटं. मी म्हटलं, मुहूर्त टळेल. आणि मुहूर्ताला चांगले दोन तास होते गं." मग त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं, तुझ्या आवाजात, तुझा हेल धरून: "अहो, थांबवा ना." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अशीच बोलायची ना ती?"

मी "हो" म्हटलं. "अगदी अशीच."

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते. आई, मला आठवत नव्हतं. तू बोललेलं कितीतरी आठवतं, पण आवाज कधी गेला ते कळलंच नाही. परवापासून कानात जो आहे तो अप्पांचा आहे, घोगरा, म्हातारा, आणि मी तो तुझा म्हणून ठेवून घेतलाय.