मनकर्णाबाईचा गंज

नागपूर, ता. ४ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप गुणवंतराव भाऊजी यांना नीळकंठाचा नमस्कार पोचावा.

आपले पत्र मिळून तेवीस दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याचे कारण प्रयोगशाळेतील काम असे लिहिणार होतो. पण काम रोजच असते. मी खुशाल आहे. वच्छलाबाईने पाठवलेले नव्या धानाचे पोहे खोलीतल्या सर्वांनी मिळून दोन दिवसांत संपवले, हे तिला जरूर सांगावे. तिचा खोकला थांबला की नाही ते कळवावे.

आपण विचारले होते की, आरमोरीच्या बाजारात कोसा विकत घेणारा दलाल म्हणतो, पोपईचे दूध घालून कोसा शिजवण्याचा हक्क आता एका कंपनीचा आहे. हे खरे काय, आणि आपल्या गावात कोसा शिजवून सूत विकणाऱ्या मनकर्णाबाईने काय करावे? प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमाने समजावतो.

ऐनाच्या झाडावरचा किडा आपल्याभोवती जे कवच विणतो, ते एका चिवट डिंकाने घट्ट चिकटलेले असते. हा डिंक सुटल्याशिवाय धागा निघत नाही. नुसत्या राखेच्या पाण्यात कोसा उकळला तर डिंक अर्धाच सुटतो, आणि उकळ वाढवली तर धागाच कमजोर होतो. आमची रीत अशी, की आधी थोडी उकळ, मग दोनदा धुणे, आणि शेवटी कोमट पाण्यात कच्च्या पोपईचे दूध. त्या दुधात असा एक पदार्थ आहे की, तो डिंकाला खातो आणि रेशमाला जवळजवळ हात लावत नाही. भाऊजी, सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा पाहिला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो! दूध वाळवून त्याची भुकटी केली की ती वर्षभर टिकते, आणि किती पाण्याला किती भुकटी हे मापाने सांगता येते.

आता पेटंट म्हणजे काय? तो शोधक आणि सरकार यांच्यातला एक करार आहे. शोधकाने आपली युक्ती पोटात न ठेवता सविस्तर लिहून द्यायची, आणि सरकारने ती वापरण्याचा हक्क काही वर्षे फक्त त्याला द्यायचा. मुदत संपली की युक्ती सर्वांची. विद्यापीठाला कारखाना काढता येत नाही, म्हणून विद्यापीठाने तो हक्क एका व्यापारी कंपनीला दिला आहे. आमच्या विभागातून असे प्रथमच घडत आहे. इतकी वर्षे आमचे प्रबंध कपाटात वाळवीची वाट पाहत पडून राहिले. आता त्यातली एक गोष्ट गिरणीत जाईल, ह्याचा आमच्या प्राध्यापकांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

तेव्हा दलाल म्हणतो ते कायद्याच्या भाषेत खोटे नाही. तूर्त मनकर्णाबाईने नुसत्या राखेने कोसा शिजवावा, हे बरे. पुढे कंपनीची भुकटी बाजारात येईलच.

वच्छलाबाईला नमस्कार.

आपला
नीळकंठ


पिंपळटोला, ता. १५ डिसेंबर १९५५

चि. नीळकंठ यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी मनकर्णाबाईच्या ओसरीवर वाचून दाखवले. तिचा दीर मुखरू आणि ढिवरपुऱ्यातले चार-पाच जण बसले होते. तिथे जे बोलणे झाले ते पदरचे काही न घालता लिहितो.

मुखरू म्हणाला, “मास्तर, इतलं लंबं पत्र, अन् आमच्या सवालाचा जवाब कुठी हाय?”

मनकर्णाबाई म्हणाली, “जवाब हाय ना. नुसत्या राखेनं शिजव म्हणते. माह्या सासूनं शिकवलं ते इसरून जा म्हणते.”

“तुमचा साळा अठरा दिवस आमच्या घरी कोशाचं पथ्य पाळून बिनतेलाचा राह्यला,” मुखरू मला म्हणाला. “दाढी नाई केली, मासोळीले हात नाई लावला. मले वाटे, कोसा पाहून राह्यला. तो त वहिनीचा चुलीवरचा गंज पाहून राह्यला होता!”

सगळे हसले. कोणी म्हणाले, “आता पोपईच्या झाडाले बी इचारा लागन, बाई, तू कोन्या कंपनीची?” पुन्हा हसणे.

मनकर्णाबाई हसली नाही. “हासू नोका,” म्हणाली. “तो चोर नोय. चोर इचारून नाई नेत. यानं इचारलं, मीनं सांगतलं. आता त्यानं सांगावं, कोनं सांगतलं ते.”

तुझ्या सल्ल्याप्रमाणे तिने चारशे कोसे नुसत्या राखेत शिजवले. धागा जागोजाग तुटतो. आरमोरीचा लच्छू कोष्टी तिचे सूत बारा वर्षे घेत आला. त्याने ते तसेच परत पाठवले. उरलेला सगळा कोसा घरात टांगून ठेवला आहे. ती विचारते, शिजवू की नोको?

वच्छलेने तुझे पत्र दोनदा वाचले.

गुणवंतराव


नागपूर, ता. २७ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप भाऊजी,

प्रथम मनकर्णाबाईच्या प्रश्नाचे उत्तर. तिने शिजवावे. पोपईचे दूध घालून, आजच. कोणी हरकत घेतली तर हे पत्र दाखवावे. रीत तिची आहे, हे मी खाली सहीनिशी लिहून देत आहे.

मागच्या पत्रात मी सर्व काही क्रमाने समजावले आणि पहिली पायरीच गाळली. पोपईच्या दुधाची कल्पना मला प्रयोगशाळेत सुचली नाही. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी राखेच्या पाण्याचा अभ्यास करायला आपल्याकडे आलो होतो. कोसा झाडावर असेपर्यंत त्या घरात तेल, वस्तरा, मासोळी वर्ज्य असते आणि पुढे तो शिजून होईपर्यंत परक्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. मी ती पथ्ये पाळली म्हणून त्यांनी मला घरचा मानले. पुढे कोसा उतरवून शिजवायला घेतला तेव्हा मला चुलीजवळ बसू दिले. मनकर्णाबाईने चुलीवरून उतरवून निवलेल्या गंजात दूध पिळले तेव्हा मी विचारले, हे कशाला? ती म्हणाली, “धागा राजी होते.” तेवढ्यावर मी पुढचे दीड वर्ष काम केले.

पेटंटच्या अर्जावर शपथ असते, की अर्जदार हा त्या युक्तीचा खरा आणि पहिला शोधक आहे. मी ती वाचली. दोनदा वाचली. प्राध्यापक शेजारीच उभे होते आणि त्यांनी कौतुकाने स्वतःचा टाक पुढे केला होता. मी मनाशी म्हटले, माप माझे, भुकटी माझी, कारण मी शोधून काढले; तिने तर नुसते दूध पिळले. आणि सही केली. प्राध्यापकांना यातले काही ठाऊक नव्हते. परवा सांगितले. ते म्हणाले, “हे तुम्ही मला आधी सांगितले असते, तर आपण तिचेही नाव घातले असते.” मला याहून कठोर शब्द सोसले असते.

प्राध्यापकांनी त्याच दिवशी कंपनीच्या वकिलांना बोलावले. अडचण पुढे आहे, ती नीट समजून घ्यावी. जी युक्ती लोकांत आधीपासून उघड वापरात आहे, तिचे पेटंट टिकत नाही. वकील म्हणतात, पिंपळटोल्याचा वापर उघड नव्हताच. त्या घरात परके जातच नाहीत, दलाल किंवा कोष्टी यांनी फक्त सूत पाहिले, गंज कोणी पाहिला? म्हणजे ज्या नियमाने त्यांनी आपली विद्या सांभाळली, तोच नियम आता त्यांच्याविरुद्ध उभा केला जाणार. मी स्वतः अर्ज मागे घेऊ शकत नाही, कारण हक्क मी विद्यापीठाला लिहून दिला आहे आणि विद्यापीठाचा कंपनीशी करार झाला आहे.

परंतु अर्ज मंजूर झाला असला तरी पेटंटवर अजून शिक्का बसलेला नाही, म्हणून कायद्यात दुसरीही वाट आहे. ‘अर्जदाराने ती युक्ती माझ्याकडून घेतली’, असे म्हणून कोणीही हरकत नोंदवू शकतो. ही हरकत मनकर्णाबाईनेच नोंदवली पाहिजे, आणि ९ फेब्रुवारीपर्यंत ती कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत पोचली पाहिजे. मसुदा सोबत जोडला आहे. तो तिला तिच्या बोलीत समजावून सांगावा. एखादे वाक्य तिला पटले नाही तर ते खोडावे, माझ्या भिडेने ठेवू नये. तिच्या अंगठ्याचा ठसा मॅजिस्ट्रेटपुढे व्हायला हवा. ११ जानेवारी, बुधवार, ब्रह्मपुरीची कचेरी. सकाळी दहाला मी तिथे असेन.

तिचे म्हणणे खरे, याला पुरावा लागेल. त्या चुलीपाशी बाहेरचा माणूस एकच बसला होता, तेव्हा साक्ष मलाच द्यावी लागेल. माझी त्या वेळची टिपणवही निराळ्या पार्सलने आपल्याकडे पाठवत आहे. १९ जानेवारी १९५४ च्या पानावर तिचे नाव आहे, वेळ आहे, आणि दुधाचे थेंबही मोजले आहेत. नागपुरास परतल्यावर मी नवी वही सुरू केली. तिच्यात हे नाव नाही. ते राहून गेले नव्हते, मी वगळले होते. दोन्ही वह्या दाखवीन.

हरकत टिकली तर अर्ज कदाचित भुकटीपुरता उरेल. तेवढे खरोखर माझे आहे, आणि ते कोणी गिरणीत वापरले तर मला अजूनही आनंदच होईल. माझ्या नोकरीचे काय होईल ते वच्छलाबाईला आपण सांगू नये, मी सांगेन. शपथेवर खोटे लिहिणाऱ्याला विद्यापीठाने ठेवू नये, असे मला स्वतःलाही वाटते.

मनकर्णाबाईला माझा निरोप क्षमेचा म्हणून देऊ नये. क्षमा मागितली की तिला काहीतरी देणे भाग पडेल, आणि तिच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतले आहे. ती म्हणाली होती, त्यानं सांगावं. एवढेच कळवावे, की सांगायला येत आहे.

हे पत्र ओसरीवर, सर्वांसमोर वाचावे.

मनकर्णाबाईचा साक्षीदार,
नीळकंठ