तुम्ही अजून स्टँडबायवर आहात

प्रिय तांडेल,

आज रविवार. जेवण झालं, आई आडवी झाली आणि मी बाल्कनीत केस वाळवत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. पुढच्या आठवड्याचा रोस्टर, ड्युट्यांचा तक्ता. उद्याच्या फ्लाइटवर कॅप्टन म्हणून माझं नाव. पहिल्यांदाच! आणि खालच्या ओळीत, स्टँडबाय म्हणून, म्हणजे गरज पडली तर बोलवायचा राखीव कॅप्टन म्हणून, तुमचं.

तुम्हाला जाऊन अख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली. तुमच्या गावी, करंज्याला, तुमच्या अस्थी समुद्रात सोडल्या तेव्हा मी होडीत होते. आणि इथे तुम्ही स्टँडबायवर! म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाशी बोलू हो हे?

आधी सावंत साहेबांना फोन केला. आपले अ‍ॅडमिन हेड. कॅन्टीन, गाड्या, लॉबीतल्या कुंड्या आणि मालकांचं विमान, सगळं त्यांच्या एकाच टेबलावर. म्हणाले, "अगं वृषाली, फॉरमॅट आहे तो. जुनाच एखादा कॉपी होतो. आणि दोन कॅप्टन दिसले की वरच्यांना बरं वाटतं. राहू दे ना, कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काय जातंय! मी फोन ठेवून दिला.

सगळी कंपनी तुम्हाला कॅप्टन म्हणायची, मी एकटी तांडेल. तुमचे वडील करंज्याच्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तानच, होते ना, मग तुम्ही विमानातले. पहिल्या आठवड्यात चिडवायला म्हणून म्हटलं, तर तुम्ही रागावायचं सोडून असे खूश झालात की तेच नाव राहिलं.

आता खरं सांगू? तुम्ही माझ्या कानातून जात नाही आहात. मी चेकलिस्ट वाचते, शेजारचा उत्तर देतो, पण मला तुमचंच उत्तर ऐकू येतं. "फ्युएल?" "हाय." "फ्लॅप?" "हाय गो बाय, हाय." सध्या एक कॅप्टन उसने आणलेत, रोजंदारीवर. परवा त्यांनी उत्तर दिलं आणि मी तशीच वाट बघत बसले. ते वैतागले, "मॅडम, बोललो ना मी! अजून कुणी बोलायचंय का?" मी कानावरचा हेडसेट नीट केला आणि पुढे वाचायला लागले.

गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ तर रोज येते डोळ्यांपुढे. कारखान्याची ती धावपट्टी, तिन्ही बाजूंनी डोंगर, ना दिवे ना टॉवर. मालकांना नव्या प्लांटच्या भूमिपूजनाचा सकाळचा मुहूर्त गाठायचा होता. निघण्यापूर्वी आपण नेहमीसारखं पट्टीच्या रखवालदाराला फोन करून विचारलं, पलीकडच्या टोकाची पाण्याची टाकी दिसते का? तो म्हणाला, "दिसते साहेब, एकदम क्लिअर." वर जाऊन बघतो तर खाली दुधासारखं धुकं. टाकी कसली, डोंगरसुद्धा दिसेना! त्याला कारखान्यावरून दम दिला होता, काहीही असो, दिसते म्हणूनच सांगायचं.

मालक कॉकपिटच्या दाराशी आले. "जरा खाली घेऊन तर बघा. मुहूर्त टळतोय." तुम्ही मान न वळवता बोललात, "नाय सायेब. खाली नाय जानार आपन." तुमची ती घरची भाषा मालकांपुढे रागावल्याशिवाय बाहेर पडत नसे. विमान पुण्याला नेलंत. आणि उतरल्यावर मला विचारलंत, "चहा घेशील?"

त्यानंतर तुम्हाला कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं! नुसतं स्टँडबायवर ठेवलं. फ्लाइट नाही. सिम्युलेटरवर सरावाला पाठवायचं तर बजेट नाही. उडायचं नाही म्हणजे लायसन्सला लागणारा सराव सुटतो, आणि मग तेच लोक म्हणणार, कॅप्टन आता करंट नाहीत, सराव राहिला नाही, कसं उडवणार? मी दोनदा सावंतांकडे जाऊन भांडले. "बघतो," म्हणाले. बघतच राहिले.

वहिनी परवा सांगत होत्या. मी सुकापूरला तुमच्या घरी गेले होते त्यांना भेटायला. "रोज सकाळी आंघोळ करून युनिफॉर्म घालायचे. हॉलमध्ये बसायचे, फोन समोर ठेवून. मी म्हणायची, अहो, बनियनवर बसा की, कोण बघतंय? तर म्हणायचे, बोलावलं आणि उशीर झाला तर?" गेलात तेव्हाही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती म्हणे.

का बसलात असे? एअरलाइनवाले बोलावत होते तेव्हा गेला का नाहीत? "माझ्या पोराच्या लग्नात मालक स्वतः पंगतीला बसले होते गं," हेच तुमचं उत्तर. अहो, पंगतीला बसले, जेवले, गेले! तुम्ही त्या एका जेवणापायी आयुष्य वाहून टाकलंत. राग येतो मला तुमचा. फार येतो.

आता माझं ऐका. हँगरमध्ये या आठवड्यात फोटोग्राफर आला होता. तुम्हीच शिकवलं होतं, केबिनच्या सीटांचे फोटो काढायला माणूस आला की समजायचं, विमान विकायला काढलंय. मेकॅनिक, केबिनवाली पोरगी, सगळ्यांचे चेहरे उतरलेत. माझं रेटिंग, म्हणजे उडवायची परवानगी, या एकाच विमानाची, बाहेर विचारतंय कोण? अशात शुक्रवारी सावंतांनी बोलावलं. चीफ पायलट करतो म्हणाले, तुमची डावी, कॅप्टनची सीट. मग हळूच, "उद्घाटनाला मालकांना पट्टीवर वेळेत उतरवायचं. रखवालदार हो म्हणाला की झालं. आधीच्यांसारखं नको हं."

आणि ते उद्घाटन उद्या आहे. तोच प्लांट, तोच सकाळचा मुहूर्त, हेच धुक्याचे दिवस.

आई म्हणते, "हो म्हणून टाक. नसलंच धुकं तर?" तिला कसं सांगू? हो म्हटलं की मी त्या धुक्यात शिरणार, आणि नाही म्हटलं की त्या स्टँडबायच्या ओळीत, तुमच्या शेजारी, जिवंतपणी. आत्ताच डोक्यावरून एक विमान गेलं, आपल्या नव्या विमानतळाकडे. इथून उडायचं म्हणत होतात ना तुम्ही? घरून दहा मिनिटांत! मी वर बघितलंसुद्धा नाही.

तर वचन देते. उद्या मालक गाडीतून उतरतील तेव्हा मी विमानाच्या शिडीपाशी उभी असेन. रखवालदार काही म्हणो, ऊन चांगलं वर आल्याशिवाय मी इंजिन सुरू करणार नाही, मुहूर्त चुकला तरी, हे त्यांच्या तोंडावर सांगेन. आणि सांगताना तुमचं नाव घेणार नाही. गेलेल्या माणसाच्या आडून नाही म्हणणं सोपं असतं. हे ‘नाही’ माझं आहे. त्यापायी जे जाईल, ते माझंच जाऊ दे.

भीती वाटतेय, तांडेल. पण ती इथे जमिनीवरच वाटू दे, वर गेल्यावर नको.

तुमची को-पायलट,
वृषाली