आरसा वर गेला की

४ जून
मिळाली एकदाची नोकरी! कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान. पुढे काउंटर, मागे माझी खोली. खिडकी नाही, पण टेबल ऐसपैस. मालक पहिल्याच दिवशी ‘बेटा’ म्हणाले, चहा स्वतः आणून दिला. आधीचे मिस्त्री भर रस्त्यात कोसळून गेले म्हणे. आईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं, तर म्हणाली, आधी जेवून घे.

९ जून
पहिला कॅमेरा दुरुस्त झाला. आतला आरसा अडकत होता. भिंगातून आलेलं दृश्य या आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये, आपल्या डोळ्यापर्यंत पोचतं. बटण दाबलं की आरसा झटकन वर जातो, प्रकाश मागच्या सेन्सरवर पडून फोटो उमटतो, आणि तेवढ्या निमिषात डोळ्यापुढे काळोख. चाचणी म्हणून खोलीच्या बंद दाराचा फोटो काढला. बघताना तिथे कुणी नव्हतं. फोटोत एक माणूस पाठमोरा उभा, दोन्ही मुठी दारावर.
कॅमेरा बदलला. पुन्हा तोच. म्हणजे आरसा वर असतो तेव्हाच, मला दिसत नाही तेव्हाच, तो तिथे असतो.

१२ जून
मिस्त्रींच्या बायको सामान न्यायला आल्या. फोटो पुढे केला. शर्ट त्यांनी लगेच ओळखला. मग टेबलाखाली पडलेल्या मिस्त्रींच्या चपला दिसल्या. त्या हातात घेऊन म्हणाल्या, “रस्त्यात गेले ना हे? मग अनवाणी निघाले होते का?”

१३ जून
मालकांना विचारलंच. चहा ढवळत सांगितलं त्यांनी. काम अर्धवट टाकून मिस्त्री घरी पळायचे, म्हणून मालक या खोलीला बाहेरून कडी लावायचे. त्या दुपारी मिस्त्री छातीत दुखतंय म्हणून दार बडवत होते.
“मला वाटलं, नाटकं करतोय.”
नंतर उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चमचा थांबला नाही त्या माणसाचा! वर म्हणाले, झालं ते झालं, बेटा. मला बेटा म्हणायचं नाही, म्हटलं. उद्या बाईंना घेऊन पोलिसांत जाणार.

१४ जून
जाण्याआधी मालकाला दाखवायचंच होतं. मिररलेस कॅमेरा हातात दिला. यात आरसा नाही. सेन्सरवर पडेल ते सतत डोळ्यापुढे, काळोख नाहीच. दाराकडे बघ, म्हटलं. बघितलं त्याने. कॅमेरा टाकला, त्याच दारातून धावत सुटला, आणि बाहेरून कडी घातली. हलकट!

दुपार
फोन काउंटरवर राहिलाय. ओरडून घसा बसला. मुठी सोलल्या. कधी तोंडात आल्या नव्हत्या त्या शिव्या दिल्या.
पडलेला कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. व्ह्यूफाइंडरमध्ये मिस्त्री वळलेत. इतका संताप कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. वाटलं, चला, आपल्या बाजूचे.

माझ्याकडेच बघतायत.

डोळा काढला की खोली रिकामी. लावला की— जवळ—

काका, कडी मी नाही लावली. तो बाहेर आहे, बाहेर— मी तुमच्यासाठीच—

काका, मी नाही क—