टरबुजाच्या पैशाचे पत्रे

१ एप्रिल १९७८, शनिवार

गेले! सारे पत्रे गेले! कालच्या वावटळीनं आमच्या जंगल-शिक्षण केंद्राचं छप्पर उचललं अन् नाल्यात नेऊन आपटलं. सकाळी शनिवारच्या वर्गाले पोरं घेऊन गेली, तं आतून आभाळ! चौथीतली हिरी म्हणते, "बाई, आता पाखरं आतूनच दिसतीन." जीभ पाहा पोरीची!

जंगलखात्याचे साहेब येऊन पाहून गेले. फंड नाही म्हणे. महिनाअखेरपर्यंत छप्पर नाही झालं तं केंद्र बंद — घरटी, वाळवलेली पानं, तक्ते, सारं अकोल्याले! तिथं कोणाले दाखवतीन? तीन वर्सं झाले, दर शनिवारी पोरं घेऊन मी तिथं बसते. असं कसं जाऊ देऊ? नाहीच देणार.

४ एप्रिल

गावभर फिरली. पैसा कोणापाशीच नाही, सल्ला साऱ्यायपाशी.

आईचं वेगळंच — "लग्नाच्या वयात पोरगी पत्रे गोळा करून राह्यली! पाहुण्यायले काय सांगू?" म्हटलं, सांग, पोरगी छप्पर घेऊन येते, भिंतीचं तुमचं तुमी पाहा. लाटणं घेऊन धावली!

७ एप्रिल

बंजाऱ्यायच्या तांड्यावर गेली होती. नायक धरमसिंगकाकानं चहा पाजला अन् युक्तीबी देली. "सोळाले पोहरादेवीची जत्रा. आदल्या दिवशी साऱ्या बैलबंड्या केंद्राजवळच्या आंब्याखाली थांबतेत. तिथं नारळाचा लिलाव कर, बाई. जो बोली जिंकन तो पैसे देईन अन् नारळ परत देईन. मंग परत लिलाव! एका नारळावर देऊळ उभं राह्यते."

घरी सांगितलं तं बाबा अडले. "नारळ-बिरळ आपण छप्पन सालीच सोडले. दुसरं काई पाहा." आता काय पाहू, कपाळ? मंग बाबाच खाटेखाली वाकले अन् टरबूज बाहेर काढलं. "हे घे. यात देव नाही, पाणीच आहे."

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत गाऊन गाऊन गळा बसला. जयंतीचा भोंगा उद्यासाठी मागून ठेवला.

१५ एप्रिल

काय सांगू बापा! हसून हसून पोट दुखून राह्यलं.

आंब्याखाली ही गर्दी! भोंग्यावर बाबा. टरबूज गेलं, परत आलं. गेलं, परत आलं. लोकायले मजा वाटली, बोली चढली. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बुवानं घेतलं — अन् विळा काढून कापलंच की हो! बाबाच्या हातातला भोंगा तसाच. मी म्हटलं, "आजोबा, परत द्या लागते ना!" तं म्हणतात, "पैसे मोजले मी! कापू नको तं काय पोटाशी धरू?"

मले रडूच आलं. पण धरमसिंगकाका काय कमी? भोंगा ओढला अन् ओरडले, "आता फाकेचा लिलाव!" एकेका फाकेले आख्ख्या टरबुजापेक्षा जास्त! बुवानं आपलीच फाक परत इकत घेतली अन् खात बसले. छपराच्या लाकडी बल्ल्या, खिळे, मजुरी, साऱ्याची सोय झाली.

पत्रेच राह्यले होते. शेवटच्या फाकेले जीपमधून दौलतराव उतरले — लाकडाचे कंत्राटदार. म्हणाले, "बाई, ही फाक माही. पत्रे किती लागतेत ते आणा, पैसे मी देतो." मी तं पाया पडाचीच बाकी होती! लोक काईबी बोलतेत त्यायच्याबद्दल. देवमाणूस!

१९ एप्रिल

मंगरूळपीरहून पत्रे आणले, एसटीच्या टपावर. कंडक्टर म्हणे, "बाई, यायले हाफ तिकीट की फुल?" रस्ताभर असा खडखडाट की बाजूच्या बाईची कोंबडी सीटखालून बाहेरच येईना.

२२ एप्रिल, शनिवार

झालं! झालं! झालं! नवे पत्रे असे चमकून राह्यले की डोळे दिपतेत. दौलतराव आले, पोरायले गोळ्या वाटल्या, खिडकीतून सागवान पाहत लय वेळ उभे होते. साहेबबी आले. केंद्र आता कुठंच जात नाही. आईनं सोऱ्या काढून शेव केली अन् स्वतः वाटली! पाहुण्यायचं नाव नाही. इतकी खुश मी नोकरी लागली तेव्हाबी नव्हती.

२९ एप्रिल, शनिवार

खिडकीबाहेरच्या एकेका सागाले डांबराचा पट्टा, वर पांढरा आकडा. पार नाल्यापर्यंत. साहेब खाली मान घालून म्हणाले, "हा सागवानाचा पट्टा तोडाईले निघाला, बाई. दौलतरावनं घेतला. त्यायचे मजूर केंद्रातच राह्यतीन." अंगाची आग झाली. हिरी नाचत आली — "बाई, बाई! झाडायलेबी हजेरीचे नंबर भेटले!"

म्हटलं, हो. घ्या हजेरी. एकापासून. मोठ्यानं घ्या.